देव्हारा तिचा, विचार त्यांचा

टेंभू हे नाव आमच्या सांगलीच्या पूर्व भागात आता घराघरांत ठाऊक आहे. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी टापूतल्या बायका एकमेकींना भेटल्या की पहिली चौकशी होते ती टेंभूचं पाणी सुटलं की नाही याची. कऱ्हाडच्या खाली कृष्णेवर टेंभू गावाजवळ बंधारा घातला, तिथून टप्प्याटप्प्यानं पाणी उचलून वर चढवलं, आणि ज्या माळावर कुसळं उगवायची तिथं डाळिंबं नि द्राक्षं दिसायला लागली. त्यामुळे टेंभू म्हणजे पाणी, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय.

पण मैत्रिणींनो, याच टेंभूत १४ जुलै १८५६ रोजी एक मुलगा जन्माला आला होता. गोपाळ गणेश आगरकर. शाळेत असताना आपण सगळ्यांनी हे नाव वाचलंय. थोर समाजसुधारक असं एका ओळीत उत्तर लिहायचं, दोन गुण घ्यायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं! मीही त्यातलीच. कॉलेजात मराठी विषय घेतला तेव्हा त्यांचे निबंध अभ्यासाला होते. भाषा जड वाटायची, पण परीक्षेपुरते वाचले.

पुढे लग्न झालं, संसार सुरू झाला, मुलं मोठी झाली. मग बचत गटाचं काम अंगावर घेतलं आणि हळूहळू बायका आपली घरातली गाऱ्हाणी घेऊन माझ्याकडे यायला लागल्या. पैशाची भांडणं असायची, दारूची असायची, पण त्याहून अवघड असायची ती श्रद्धेची भांडणं. सासूला व्रतं हवीत, सुनेला नकोत. आईचा उपासतापासावर भरवसा, मुलाचा कशावरच नाही. कोण बरोबर आणि कोण चूक हे कसं ठरवायचं? तेव्हा मी आगरकर पुन्हा वाचायला घेतले. या वेळी त्यांच्या निबंधांइतकंच त्यांचं जगणंही वाचलं आणि मला हवी होती ती मोजपट्टी तिथं सापडली. आज त्याविषयीच तुमच्याशी बोलायचंय.

आगरकरांचं बालपण म्हणजे गरिबीची परवड. घरी खाण्यापिण्याचे हाल, म्हणून ते कऱ्हाडला नातेवाइकांकडे राहून शिकले. कऱ्हाडला शिक्षणाची पुढची सोय नव्हती, तेव्हा कचेरीत उमेदवारी करून पाहिली. शिकायची ओढ स्वस्थ बसू देईना, म्हणून सह्याद्री उतरून पायी रत्नागिरीला गेले. तिथंही जम बसेना. परत कऱ्हाडला आले, दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. मग नातलगांच्या आधारानं थेट वऱ्हाडात अकोल्याला गेले आणि तिथून १८७५ साली मॅट्रिक झाले. कऱ्हाड, रत्नागिरी, पुन्हा कऱ्हाड आणि अकोला! आज आपण मुलाला क्लासला सोडायला दारात गाडी काढतो. हा मुलगा शाळेच्या शोधात अर्धा महाराष्ट्र पालथा घालत होता.

पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. अंगावर एकच सदरा. रात्री तो धुवायचा, वाळत टाकायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं. असे दिवस काढून ते बी. ए. झाले आणि मग एम. ए. त्या काळात एम. ए. झालेला माणूस म्हणजे मामलेदारीपासून मोठ्या पगाराच्या नोकरीपर्यंत सगळी दारं उघडी. गावाकडे आई वाट बघत असणार, आता आपले पांग फिटतील म्हणून. आणि अशा वेळी या मुलानं आईला पत्र लिहून कळवलं की, मोठ्या परीक्षा दिल्या म्हणून मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळालं की बाकीचा वेळ मी लोकांच्या हितासाठी घालवणार आहे.

हे पत्र आपण आदर्श म्हणून वाचतो. मी मात्र प्रत्येक वेळी त्या आईचा विचार करते. आयुष्यभर चुलीपुढे बसून जिनं दिवस मोजले, तिच्या हातात हे पत्र पडलं तेव्हा तिला काय वाटलं असेल? उद्या माझ्या किंवा तुमच्या मुलानं इंजिनिअर होऊन असंच सांगितलं तर आपण पेढे वाटू का? खरं सांगा! ध्येयवादी माणसाची किंमत तो एकटा मोजत नाही. त्याच्या घरातल्या बायकाही ती मोजतात. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचायचं.

डेक्कन कॉलेजात त्यांना भेटले बाळ गंगाधर टिळक. दोघंही एका वयाचे, दोघंही हट्टी, दोघांनीही सरकारी नोकरी न करता शिक्षणाला वाहून घ्यायचं ठरवलेलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. एम. ए. होऊन आगरकर त्यात गेले. ४ जानेवारी १८८१ ला केसरी निघाला आणि त्याचे पहिले संपादक आगरकरच. पुष्कळ जणींना वाटतं की केसरी म्हणजे पहिल्यापासून टिळकच. तसं नव्हतं.

मग आलं कोल्हापूरचं प्रकरण. तिथल्या छत्रपतींचे हाल होताहेत म्हणून केसरी आणि मराठा या पत्रांतून दिवाण बर्व्यांवर टीका झाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. या खटल्यात दहा हजारांचा जामीन हवा होता. तो कोणी भरला ठाऊक आहे? जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक समाजाच्या रामशेठ उरवणे यांनी. जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे तेही आपल्याच साताऱ्याकडचे. त्यांचे आणि या तरुणांचे विचार सगळेच काही जुळत नव्हते. तरी अडचणीच्या वेळी मदत आली ती तिथून. माणसाचा स्वभाव ओळखायचा तर तो आपल्याशी न पटणाऱ्याला अडचणीत कसा वागवतो ते बघावं.

मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी एकशे एक दिवस काढले. एका कोठडीत दोन मित्र. दिवसरात्र वाद चालायचे. आधी स्वराज्य की आधी घर सुधारायचं? धर्म आणि रूढी यांत काय फरक? आवाज इतके चढायचे म्हणे की पहारेकऱ्यांना मध्ये पडावं लागायचं. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तक लिहिलं. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं मराठी रूप विकारविलसित हेही त्यांचंच, १८८३ सालचं. राग, लोभ, मत्सर माणसाला कुठं नेतात याची ती गोष्ट. लोकांना निव्वळ बुद्धीचा उपदेश करणारा हा माणूस मनाच्या विकारांचं नाटक मराठीत आणतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. माणूस नुसत्या बुद्धीवर चालत नाही, हे त्यांना पुरेपूर ठाऊक असणार.

१८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. आपल्याकडच्या वाचकांना सांगायला हवं की, सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ साली सुरू केलं ते याच सोसायटीनं. साताऱ्याचं न्यू इंग्लिश स्कूलही तिचंच. त्या वर्गांमधून शिकून बाहेर पडलेल्या आपल्याकडच्या किती मुली आज शिक्षिका, डॉक्टर, वकील आहेत! टेंभूचा उपाशी मुलगा पुण्याला गेला आणि त्याच्या कामाची फळं अशी फिरून कृष्णाकाठी आली.

पण दोन मित्रांचं फाटत चाललं होतं. आणि वाद कशावरून होता? बायकांवरून! रखमाबाईचं लग्न लहानपणी लावून दिलेलं, मोठेपणी ती नवऱ्याकडे नांदायला जायला तयार नव्हती, म्हणून नवरा कोर्टात गेला. सगळा महाराष्ट्र त्या खटल्यावर भांडत होता. मुलीची संमती नसताना लावलेलं लग्न तिच्यावर लादता येतं का, हा प्रश्न होता. आगरकर रखमाबाईच्या बाजूचे, केसरी दुसऱ्या बाजूला झुकलेला. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी केसरी सोडला आणि वर्षभरानं, ऑक्टोबर १८८८ मध्ये, सुधारक नावाचं स्वतःचं साप्ताहिक काढलं. त्याची इंग्रजी बाजू सांभाळायला गोपाळ कृष्ण गोखले होते.

सुधारकात आगरकरांनी लिहिलं काय? देव, धर्म, जातिभेद यांवर तर लिहिलंच. पण घरातल्या गोष्टींवर जितकं लिहिलं तितकं त्या वेळी क्वचितच कुणी लिहिलं असेल. बायकांनी जाकिटं घातली पाहिजेत, म्हणजे आपण आज ज्याला पोलकं किंवा ब्लाउज म्हणतो तसं अंग झाकणारं, सोयीचं कापड वापरावं, यावर त्यांचा निबंध आहे. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, असं त्यांनी ठासून मांडलं. लग्न कोणत्या वयात व्हावं, विधवेचे केस का काढायचे, तिला पुन्हा संसार करायचा असेल तर समाजानं आडवं का यावं, हे त्यांनी पुन्हापुन्हा विचारलं. पुणेरी विद्वानांना हे विषय हलके वाटायचे. देश पारतंत्र्यात आहे आणि हा माणूस चोळ्या-पोलक्यांवर लिहितो! पण ज्या बाईला दिवसभर त्याच कपड्यात राबायचं असतं, तिला विचारा तो विषय हलका आहे का ते.

आता मी त्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

आगरकरांचा देवावर विश्वास नव्हता. पूजा, व्रत, श्राद्ध यांपैकी काही त्यांना पटत नव्हतं आणि हे त्यांनी लपवलं नाही, उघड छापलं. आणि त्यांच्या घरात? त्यांच्या घरात देव्हारा होता! पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांची पूजा, त्यांचं सोवळंओवळं, त्यांची व्रतवैकल्यं चालू होती आणि आगरकर त्यांना आडवे आले नाहीत. उभ्या महाराष्ट्राला ज्यानं देवाधर्मावरून खडसावलं, त्यानं स्वतःच्या बायकोच्या हातातली निरांजनाची वात काढून घेतली नाही.

यावर त्या काळातही लोक हसले असतील आणि आजही कुणी म्हणेल की, बघा, बाहेर सुधारक आणि घरात चिडीचूप! मला ते तसं वाटत नाही. त्या काळचा नवरा बायकोला एका शब्दानं गप्प करू शकत होता. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ती त्याच्या मालकीचीच. देव्हारा उचलून माळ्यावर टाकणं आगरकरांना एका दुपारचं काम होतं. पण मग ते कशाविरुद्ध लढत होते? बाईवर पुरुषाची सक्ती चालते, याच्याच विरुद्ध ना? सक्तीनं बायकोला नास्तिक करणं आणि सक्तीनं तिचे केस काढणं, यांत हात एकाच जातीचा असतो. त्यांना पटवायचं होतं, लादायचं नव्हतं. यशोदाबाईंना पटलं नाही, तर नाही पटलं.

मग प्रश्न असा की, हा माणूस सगळ्याच बाबतीत असा समजूतदार होता का? नाही! आणि इथंच ती मोजपट्टी आहे.

१८९० च्या सुमाराला बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. सगळा देश हादरला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करावं असा कायदा पुढे आला. बारा म्हणजे आपल्या हिशेबानं सहावी-सातवीतली मुलगी, हेसुद्धा तेव्हा पुष्कळांना सोसवत नव्हतं. टिळकांचं म्हणणं असं की, परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा लोकांनी शिकून स्वतः करावी. त्या म्हणण्यातही पारतंत्र्याची खरी सल होती. पण आगरकर कायद्याच्या बाजूनं ठाम उभे राहिले. लोकांना पटेपर्यंत थांबायचं, तर तोवर आणखी किती मुली मरायच्या? १८९१ साली तो कायदा झाला.

म्हणजे बघा. घरातल्या देव्हाऱ्यासाठी त्यांच्याजवळ सबुरी होती, आणि पोरीच्या जिवासाठी एक दिवसाचीही नव्हती. एखादीच्या श्रद्धेनं दुसऱ्या कुणाचं काही बिघडत नसेल, तर ती तिची. आपण आपलं म्हणणं सांगावं, वाद घालावा, पण हात लावू नये. आणि जिच्यापायी दुसऱ्या जिवाला इजा होते, ती रूढी कितीही जुनी असली, घरची असली, तरी तिथं समजूतदारपणा दाखवायचा नाही. आगरकरांच्या लिहिण्या-वागण्यातून मला समजलेलं आहे ते एवढंच, आणि माझ्या कामात मला एवढं पुष्कळ झालं.

आमच्या गटातली एक सासू सुनेची तक्रार घेऊन आली होती. सून नर्स. मार्गशीर्षातले गुरुवार करत नाही, घट बसवत नाही, सणाच्या दिवशी ड्यूटीवर जाते. सून म्हणाली, मी आत्यांना कधी अडवत नाही, त्यांच्या पूजेची फुलं मीच आणते, पण मला पटत नाही ते मी करणार नाही. मी सासूला एवढंच विचारलं की, तुमच्या पूजेत तिनं मोडता घातला का? नाही. तिच्या न करण्यानं तुमचं काही अडलं का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, तसं काही अडलं नाही. मग भांडण कशाचं? आता त्या घरात सासू गुरुवार करते आणि सून नैवेद्य पोटभर खाते. दोघींचं बरं चाललंय.

दुसरा प्रसंग निराळा होता. ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबात सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी हुशार, अकरावीला जाणार. आई म्हणाली, ताई, आम्ही सहा महिने फडावर, पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू? आमच्यात लवकरच देतात. त्या माउलीची भीती खोटी नव्हती. तिच्यावर मला रागही आला नाही. पण इथं तुमच्यात देतात तर द्या, असं म्हणून चालणार नव्हतं. आम्ही दोघीतिघींनी अंगणवाडीच्या ताईंना गाठलं, ग्रामसेवकांना सांगितलं, १०९८ ला फोन लावला. लग्न थांबलं. मुलीची वसतिगृहात सोय लावली, कारण नुसतं लग्न थांबवून आईची भीती जात नाही. त्या भावकीतल्या बायका वर्षभर माझ्याशी बोलत नव्हत्या. रस्त्यात दिसले की तोंड फिरवायच्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे आपल्या राज्यात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांत जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. शंभरात बावीस! आगरकरांना जाऊन सव्वाशे वर्षं होऊन गेली तरीही.

बायकांनी तोंड फिरवलं एवढ्यानं मला चार रात्री झोप लागली नाही. आगरकरांच्या तर जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. चिडलेल्या लोकांनी त्यांचं प्रेत करून, तिरडीवर बांधून, वाजतगाजत त्यांच्या घरावरून नेलं. ते त्यांनी स्वतः पाहिलं. पण घरात यशोदाबाईही होत्या. आपल्या कुंकवाची तिरडी आपल्याच दारावरून जाताना पाहणं, आणि तेही ज्या विचारांसाठी ती निघाली ते विचार आपले नसताना! आगरकरांच्या धैर्याची गोष्ट सगळे सांगतात. त्या दिवशी यशोदाबाईंनी दार लावून घेतलं असेल, की त्याही उंबऱ्यात उभ्या राहिल्या असतील, हे कुणी विचारत नाही. नवऱ्याचं पटत नसताना त्याच्यासाठी सोसणं, ही सहनशीलता कुठल्या इतिहासात मोजायची? मला वाटतं, त्या घरात सबुरी एकट्या आगरकरांची नव्हती. देव न मानणाऱ्या नवऱ्याला त्यांनीही सांभाळून घेतलंच की.

आगरकरांना दम्याचा विकार होता. लहानपणच्या हालांनी शरीर आधीच पोखरलेलं, त्यात शिकवणं, लिहिणं, वाद. १८९० ला टिळक सोसायटीतून बाहेर पडले. १८९२ पासून आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्याच काळात तिथले प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. नुसतं लिहिलेलं आता माणसं करून दाखवायला लागली होती. पण आगरकरांच्या हातात दिवस थोडे होते. १७ जून १८९५ रोजी ते गेले. वय पुरतं एकोणचाळीसही नव्हतं. माझ्याहून लहान!

उशाशी एक पुडी सापडली असं सांगतात. तीत थोडे पैसे होते, स्वतःच्या अंत्यसंस्कारासाठी बाजूला काढून ठेवलेले. आपल्यामागे कुणावर भार नको म्हणून. आणि ज्या मित्राशी इतकी वर्षं अबोला होता, त्या टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. लिहिताना त्यांचे डोळे वाहत होते म्हणतात. विचारांचं भांडण कितीही टोकाला गेलं तरी आतली माया आटत नाही, हे खरं. पण ती जिवंतपणी बोलून दाखवली असती तर? आपल्या किती घरांत असेच भाऊ-भाऊ, जावा-जावा अबोला धरून बसलेत, आणि अंत्ययात्रेत सगळ्यांत मोठ्यानं रडणारे तेच असतात.

आगरकर मला देवासारखे वाटत नाहीत. त्यांनाही ते आवडलं नसतं! त्यांचं बरंचसं लिखाण शिकल्यासवरल्या, वरच्या जातींतल्या घरांसाठी होतं. शेतात राबणारी, डोक्यावर पाटी वाहणारी बाई त्यात फारशी दिसत नाही. तिच्यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाई आधीच झटत होते. पुण्यातल्या पगारात त्यांचा संसार ओढाताणीत गेला आणि पदरी लहान मुलं घेऊन मागे राहिल्या त्या यशोदाबाई. हेही त्या आयुष्याच्या हिशेबात धरायला हवं. तरी विचार आणि वागणं यांत त्यांनी अंतर पडू दिलं नाही. श्रीमंती नाकारली ती तोंडानं आणि हातानंही. बाईवर सक्ती नको म्हणाले, ते कागदावर आणि स्वतःच्या घरातही.

आपल्याकडे काही बदललंच नाही असं नाही. सांगली-मिरजेपासून जवळच शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद. पाठोपाठ सरकारनं परिपत्रक काढून राज्यातल्या बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. सुधारकात विधवेसाठी झालेली ओरड गावच्या चावडीपर्यंत यायला एवढी वर्षं लागली. पण ठराव कागदावर असतो. कुंकू पुसणारा हात बहुतेक वेळा बाईचाच असतो, नणंदेचा नाहीतर शेजारणीचा. तो ठराव पाळायचा की नाही, हे तुमच्या-माझ्या हातात आहे.

आमच्या गटानं तीन वर्षांपासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्याजणींना बोलवायचं ठरवलंय. पहिल्या वर्षी तीन विधवा बायका आल्या आणि मागं भिंतीला चिकटून बसल्या. एका आजीनं कुंकू लावून घेतलं नाही, नको म्हणाल्या. आम्ही आग्रह केला नाही. वाण घेतलं, तिळगूळ घेतला, गप्पा मारून गेल्या. पुढच्या वर्षी त्याच आजी आणखी दोघींना घेऊन आल्या. कुंकू अजूनही लावत नाहीत. तो त्यांचा प्रश्न, त्यांचा निर्णय. त्यांना दारातून परत पाठवायचं नाही, एवढं आमचं काम.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात श्रद्धेवरून ठिणगी पडली की आधी स्वतःला एकच विचारून बघा, यात कुणाचं काही बिघडतंय का? नसेल बिघडत, तर सुनेला तिच्या मनासारखं राहू द्या, सासूला तिच्या मनासारखं पुजू द्या. आणि बिघडत असेल, कुणाची शाळा सुटत असेल, कुणाच्या अंगाला इजा होत असेल, कुणी दारातून मान खाली घालून परत जात असेल, तर लोक काय म्हणतील हा विचार बाजूला ठेवून मध्ये पडा. चार दिवस बायका बोलणार नाहीत, तोंड फिरवतील. फिरवू देत. येत्या संक्रांतीला वाणाची यादी कराल तेव्हा गल्लीतलं कुठलं दार आपण दर वर्षी वगळतो तेवढं आठवा, आणि पहिलं बोलावणं त्या दारी जाऊ दे.